अबोल माणसाची नोकरी

दहावी-बारावीचे निकाल लागून गेले, की जून-जुलैच्या सुमारास माझ्यासारख्या निवृत्त मास्तराच्या घरी जे पालक सल्ला विचारावयास येतात, त्यांतील निदान एकाचे तरी गाऱ्हाणे ठरलेले असते : मुलगा हुशार आहे, गुण उत्तम आहेत, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ, याचे पुढे कसे व्हायचे? मुलगा शेजारीच खुर्चीच्या काठावर बसलेला असतो, आपल्याविषयीची ही चर्चा तिऱ्हाइताच्या खटल्याची सुनावणी ऐकावी तशी ऐकत असतो, आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत त्याच्याकडून 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे काही निघत नाही. शेवटी आई म्हणते, 'सर, याला फारसं माणसांत मिसळावं लागणार नाही अशी एखादी नोकरी सुचवा ना.' मुलगी अबोल असली तर हे गाऱ्हाणे घेऊन सहसा कोणी येत नाही; तिच्या अबोलपणाला लग्नाच्या बाजारात शालीनता म्हणून भाव मिळतो, आणि तो नोकरीच्या बाजारात चालत नाही हे तिला पुढे एकटीलाच कळते.

या प्रश्नाची तयार उत्तरे पुष्कळ आहेत. ग्रंथपाल, लेखापाल, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, संगणकाचा प्रोग्रॅमर, मुद्रितशोधक, अनुवादक अशी एक यादी मार्गदर्शनपर पुस्तिकांतून वर्षानुवर्षे छापली जात आहे, आणि मीही ती अनेकांना बिनदिक्कत वाचून दाखविलेली आहे. परंतु त्यांतील काही जण पुढे भेटले, त्यांच्या हकिगती ऐकल्या, आणि हुद्द्याच्या नावावरून कामाचा स्वभाव ओळखण्याची आपली रीतच सदोष आहे, अशी माझी हळूहळू खात्री होत गेली. प्रस्तुत आढावा त्या खात्रीच्या अनुरोधाने घेतला आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. बुजरा, भिडस्त, घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, माणूसघाणा हे शब्द आपण एकाच माणसाला दिवसाच्या निरनिराळ्या वेळी लावतो. वस्तुतः प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. भिडस्ताला बोलावयाचे असते पण भीड आड येते. मुखदुर्बळाला ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. माणूसघाण्याला माणसेच नकोशी असतात. अंतर्मुख या सर्वांहून निराळा. चार ओळखीच्या मंडळींत तो तासन्‌तास रमतो, कित्येकदा उत्तम बोलतोही. मात्र अशा सहवासाने त्याची शक्ती खर्ची पडते आणि ती भरून यावयास त्याला एकांत लागतो. भीड सरावाने चेपते, हे शिक्षकी पेशातील कोणीही सांगेल. अंतर्मुखतेवर सरावाचा उतारा पडत नाही, कारण ती मुळात व्याधीच नाही.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी शास्त्रात रूढ केली ती कार्ल युंग याने, मानसिक प्रकारांविषयीच्या आपल्या १९२१ सालच्या ग्रंथात. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात, एकीचे पारडे जड असते इतकेच, ही त्याची पुस्ती मात्र लोक सोयीस्करपणे विसरले. पुढे लंडनच्या हान्स आयझेंक याने या भेदाचे मूळ मेंदूच्या उत्तेजनात शोधले. त्याच्या मते अंतर्मुखाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, म्हणून थोड्या गलबल्यानेही त्याचे माप भरते, आणि बहिर्मुखाला तेच माप भरण्यासाठी बाजार, मैफल, गर्दी शोधीत हिंडावे लागते. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून किती लाळ सुटते ते मोजण्याचा एक गमतीदार प्रयोगही या संदर्भात झाला, आणि अंतर्मुखांना लाळ अधिक सुटते असे त्यात आढळले. नंतरच्या अभ्यासकांनी या उपपत्तीत बऱ्याच दुरुस्त्या केल्या. पण ज्याला जेवणाच्या सुटीत सहकाऱ्यांच्या घोळक्यातून उठून जिन्याच्या वळणावर पाच मिनिटे उगाच उभे राहावेसे वाटते, त्याला तिच्यातील तथ्य समजावून द्यावे लागत नाही. आजचे मानसशास्त्र या गुणाकडे उंचीकडे पाहावे तसे पाहते : अगदी ठेंगणे आणि अगदी ताडमाड थोडे, बहुसंख्य मधल्या मापाचे. असे असता माणसांची सोळा प्रकारांत वाटणी करणारी, कॅथरिन ब्रिग्ज व इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी रचलेली चाचणी कंपन्यांच्या नेमणूक-खात्यांत अजूनही मोठ्या विश्वासाने वापरली जाते, ही नवलाची गोष्ट होय. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदललेला निघतो.

माणूस आणि व्यवसाय यांची सोयरीक जुळविण्याचे शास्त्र याहून थोडे जुने आहे. फ्रँक पार्सन्स याने बॉस्टनमध्ये १९०८ साली व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ साली, त्याचे या विषयावरील पुस्तक बाहेर आले. आधी स्वतःला ओळखा, मग व्यवसायांची माहिती मिळवा, मग दोहोंची सांगड घाला, हा त्याचा त्रिपदी मंत्र आजही सर्व मार्गदर्शकांच्या जपमाळेत आहे. जॉन हॉलंड याने १९५९ पासून त्याला सहा प्रकारांची चौकट दिली. आपल्याकडे आप्पा पेंडसे यांच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी मानसशास्त्रीय चाचण्या मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाच्या केल्या, आणि २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणीही सरकारने घेतली. या सगळ्या खटाटोपाला मी नावे ठेवणार नाही. त्यातून क्षेत्राचा कल कळतो. परंतु माणूस क्षेत्रात नोकरी करीत नाही. तो सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच या वेळात, विशिष्ट टेबलाशी, विशिष्ट माणसांच्या मध्ये नोकरी करतो, आणि त्या सात तासांचा नकाशा कोणत्याही चाचणीत निघत नाही.

ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ, कारण यादीत ते नेहमी अग्रस्थानी असते. माझ्या सल्ल्यावरून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन तालुक्याच्या ठिकाणी एका सार्वजनिक वाचनालयात रुजू झालेला एक तरुण मला वर्षभराने भेटला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याच्या कल्पनेतील ग्रंथालय म्हणजे कपाटांमधला थंड बोळ, दाखलनोंदीचे रजिस्टर, मराठी साहित्याच्या पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ हा वर्गांक सुबक अक्षरात लिहिण्याचे सुख. प्रत्यक्षात त्याला बसविले देवघेवीच्या खिडकीशी. संध्याकाळी पाच ते आठ वर्गणीदारांची रीघ. एकाला रहस्यकथा हवी पण वाचलेली नको, दुसरीच्या पुस्तकाची चोवीस पाने फाटलेली आणि ती 'आधीपासूनच फाटली होती' असा तिचा दावा, तिसरा निवृत्त फौजदार, विलंबशुल्काचे पाच रुपये हा आपल्या अब्रूवरचा घाला समजणारा. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर ती खिडकी म्हणजे एस.टी. स्टँडवरचे आरक्षणच. 'सर, तुम्ही मला शांत जागा म्हणाला होता,' एवढेच तो म्हणाला, आणि मला उत्तर सुचले नाही. त्याच इमारतीत, पंधरा पावलांवर, वर्गीकरणाच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना मात्र दिवसाकाठी चार वाक्ये बोलावी लागत. हुद्दा जवळजवळ एक, पगारात फरक थोडा, आणि दिवस दोन निरनिराळ्या ग्रहांवरचे.

प्रोग्रॅमरची गोष्ट याच वळणाची. संगणकापुढे बसणारा माणूस एकटा असतो हा समज हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एखाद्या कचेरीत सकाळी डोकावले तरी दूर व्हावा : रोजची उभ्याउभ्याची बैठक, परदेशी ग्राहकाशी रात्रीचा कॉल, आणि भिंती पाडून केलेले विस्तीर्ण दालन. सहकाऱ्यांत संवाद वाढावा या हेतूने या भिंती पाडल्या गेल्या. पण हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मोकळ्या दालनात गेल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ई-मेल वाढले, असे दिसून आले. भिंत गेली, म्हणून माणसांनी कानांत इअरफोन घालून स्वतःपुरत्या भिंती उभारल्या. २०२० नंतर घरून काम करण्याची जी सवलत मिळाली तिने अनेक अबोलांना प्रथमच सुखाचे दिवस दाखविले हे खरे. पण पडद्यावरच्या बैठका मोजू लागले तर हिशेब वाटतो तितका सोपा राहत नाही.

आता या सर्व प्रश्नातील सर्वांत विलक्षण विसंगतीकडे येतो. नोकरीला एक दार असते आणि आत घर असते, आणि या दोहोंचा स्वभाव एकच असेल असे नाही. तलाठ्याची भरती पाहा. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. निवड लेखी परीक्षेवर. मुलाखत नाही, गटचर्चा नाही. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती रद्द केल्या आहेत. अबोल उमेदवाराला याहून अनुकूल दार कोणते? खोलीत कोंडून घेऊन वर्षभर अभ्यास करावा, प्रश्नपत्रिका सोडवावी, यादीत नाव यावे. पण आत गेल्यावर सकाळी दार उघडायच्या आधी ओसरीवर माणसे : कोणाला सातबारा हवा, कोणाचा फेरफार अडलेला, दोघा भावांत बांधावरून लाठ्या निघालेल्या, गारपिटीनंतर पंचनाम्याला सारा गाव पाठीशी, आणि वर तहसील कचेरीचा तगादा. मूक परीक्षेने निवडलेला माणूस गावातल्या सर्वाधिक बोलक्या खुर्चीवर जाऊन बसतो. याच्या उलट, आकडेमोडीच्या किंवा आज्ञावली तपासण्याच्या ज्या कामात दिवसभर तोंड उघडण्याची गरज नाही, त्याच्या दारात गटचर्चा, तोंडी फेरी आणि 'स्वतःविषयी काही सांगा' हा जीवघेणा प्रश्न ठाण मांडून बसलेले असतात. दार बोलक्यांचे, घर मुक्यांचे. दार मुक्यांचे, घर बोलक्यांचे. या उलटसुलट योजनेत किती चांगली माणसे उंबरठ्यावर अडली आणि किती भलत्या घरात शिरली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मुलाखतीविषयी आणखी थोडे लिहिले पाहिजे, कारण निवडसमित्यांच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूस मी बरीच वर्षे बसलो आहे. गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीपेक्षा, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून गुण देण्याची रीत भावी कामाचा अदमास अधिक बरोबर देते, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे हीही भरवशाची कसोटी आहे, असे श्मिट व हंटर यांनी १९९८ साली पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा धांडोळा घेऊन दाखविले. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तरी एका शिक्षणसंस्थेत प्रयोगशाळा-सहायकाच्या जागेसाठी आम्ही जो निवडला, तो केवळ चटपटीत उत्तरांवर. आणि ज्याने प्रत्येक प्रश्नानंतर दहा सेकंद छताकडे पाहून मग अचूक उत्तर दिले, त्याच्या नावापुढे अध्यक्षांनी 'आत्मविश्वासाचा अभाव' असा शेरा मारला. मी सही केली. चटपटीत गृहस्थांनी पुढे सहा महिन्यांत दोन सूक्ष्मदर्शक यंत्रे बाद केली, ही गोष्ट केवळ योगायोगाची असेल. पण ती दहा सेकंदे मला अजून आठवतात. बोलणाऱ्याची एरंडीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण बाजारापुरती ठीक आहे, निवडसमितीने तिच्यावर कारभार चालवू नये. उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर उपाय साधा आणि जुनाच आहे : अंतर्मुखाचे बळ तयारीत असते. संभाव्य प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत, केलेल्या कामाचा नमुना कागदावर बरोबर न्यावा, आणि विचार करण्यास क्षणभर हवा असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे; मौनाचा अर्थ समोरच्याने लावण्याआधी आपणच तो सांगून टाकलेला बरा.

निःशब्द श्रमाचे आदर्श स्थान कोणते, असे मला कोणी विचारले तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम माझ्या डोळ्यांपुढे येते. १९१९ साली सुरू झालेले हे काम १९६६ साली पुरे झाले. १९२५ पासून १९४३ पर्यंत त्याचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर होते, आणि ते मूळचे गणिताचे विद्यार्थी हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा नाना लिप्यांतील पोथ्या समोर घ्यावयाच्या, चौकटींच्या कागदावर श्लोकाचे एकेक अक्षर मांडावयाचे, आणि त्या त्या अक्षराखाली प्रत्येक पोथीतील पाठभेद नोंदवावयाचा. एक श्लोक संपला की दुसरा, एक पर्व संपले की पुढचे. अशा कामात ज्याला आनंद वाटतो त्याला जगात कोठेही एकटे वाटणार नाही. परंतु या शांत खोलीचे भाडे कोणी भरले, हाही विचार करावा. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासारख्या आश्रयदात्यांकडे शब्द टाकणारे, देणग्यांसाठी दारोदार जाणारे, सरकारदरबारी अर्जविनंत्या करणारे लोक बाहेर होते, म्हणूनच आतल्यांना अक्षरे लावीत बसता आले. प्रत्येक निवांत टेबलाच्या मागे त्याच्या वतीने बोलणारा कोणीतरी असतो. म्हणून नोकरी पाहताना कामाच्या स्वरूपाइतकेच वरिष्ठाचे स्वरूप पाहावे. आपल्या माणसांच्या कामाची वाखाणणी बैठकीत स्वतः करणारा साहेब लाभला, तर अबोलाची बढती अडत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी उभे आहेत. सभा, समारंभ, सत्कार यांपासून हा माणूस जन्मभर दूर राहिला. कथेच्या या बादशहाने पोटासाठी धारवाडच्या महाविद्यालयात सुमारे तीन दशके इंग्रजी शिकविले. अध्यापन म्हणजे तर शुद्ध बोलण्याचा धंदा. यादीवाल्यांनी तो त्यांना कधीच सुचविला नसता. पण वर्गातील बोलण्याची जात पाहा. विषय ठरलेला, वेळ ठरलेली, तयारी घरी एकांतात झालेली, मध्ये कोणी विषय बदलत नाही, आणि घंटा झाली की सुटका. अंतर्मुखाला दमविते ते बेसावध, बिनमुद्द्याचे, केव्हा संपेल याचा नेम नसलेले बोलणे; व्याख्यानाने तो तितका दमत नाही. मी स्वतः पस्तीस वर्षे व्याख्याने दिली आणि मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटे ती शिक्षककक्षातील मधल्या सुटीची. जी.एं.ची माणसांविषयीची ओढ पत्रांतून वाहत राहिली. सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा तर एक खंडच आहे. परिचारिका, वकिलीतील मसुदेकार, पॅथॉलॉजिस्ट, हिशेब-तपासनीस यांच्या कामांकडेही याच दृष्टीने पाहावे. परिचारिकेला दिवसभर बोलावे लागते, पण बहुतेक बोलणे एका वेळी एका माणसाशी आणि कामापुरते असते. मला माहीत असलेल्या दोन अत्यंत अबोल बायका त्या पेशात समाधानाने निवृत्त झाल्या.

विक्री आणि नेतृत्व ही दोन क्षेत्रे अंतर्मुखांस वर्ज्य मानण्याची चाल आहे; तिच्याविषयी थोडक्यात इतकेच, की अमेरिकेत अॅडम ग्रँट याने २०१३ साली टेलिफोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांची तीन महिन्यांची कमाई तपासली, तेव्हा सर्वाधिक विक्री मधल्या स्वभावाच्या लोकांनी केलेली आढळली, अट्टल बहिर्मुखांनी नव्हे; आणि हाताखालची माणसे स्वतः होऊन सूचना करणारी असली, तर त्यांचे ऐकून घेणारा अबोल वरिष्ठच अधिक फळ काढतो, हेही त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे.

स्वतंत्र धंदा, म्हणजे घरी बसून अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन, हा अबोलांचा स्वर्ग समजला जातो. त्या स्वर्गाची पायरी मी चढून पाहिली आहे. काम खरोखरच निवांत. पण काम मागावे लागते, दर ठरवावा लागतो, आणि मेहनताना वसूल करावा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी बोलण्याच्या आहेत. एका प्रकाशकाकडे माझ्या अनुवादाचे पैसे दोन वर्षे अडकले होते. मी तीन सविनय पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. अखेर माझ्या धाकट्या मेहुण्याने, ज्याने ते पुस्तक उघडूनही पाहिले नव्हते, दुकानात जाऊन पंधरा मिनिटांत चेक आणला. नोकरीत हे काम लेखा-विभाग करतो, आणि पगाराची तारीख मागावी लागत नाही.

तेव्हा हल्ली जून महिन्यात पालक आले, की मी यादी काढीत नाही. मुलाला म्हणतो, ज्या कामाचा विचार करतो आहेस ते करणारा एक माणूस गाठ, आणि त्याला कालचा दिवस तासातासाने सांगावयास लाव : किती माणसे भेटली, त्यांतली ओळखीची किती, बोलण्याची वेळ त्याने ठरविली की समोरच्यांनी, आणि दारे लावून बसण्याइतका सलग वेळ किती मिळाला. पगार आणि बढती यांचीही चौकशी कर, पण नंतर. हा प्रश्न विचारण्यासाठीही अनोळखी माणसाशी बोलावे लागते, हे मुलाच्या ध्यानात येते आणि तो आईकडे पाहतो. तेव्हा मी त्याला सांगतो, की पत्र लिहिलेस तरी चालेल, लोक लेखी प्रश्नांना पुष्कळदा तोंडी प्रश्नांहून चांगली उत्तरे देतात.

त्या वाचनालयातल्या तरुणाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. वर्गीकरणाच्या बाई निवृत्त झाल्या आणि ते टेबल त्याला मिळाले. मध्यंतरी त्या गावी जाण्याचा योग आला तेव्हा मी मुद्दाम वाचनालयात डोकावलो. शनिवारची सकाळ होती, आणि हा गृहस्थ पुन्हा देवघेवीच्या खिडकीत. मी चकित होऊन विचारले, तर म्हणाला, शनिवारची सकाळ मी स्वतःच मागून घेतली आहे. गर्दी नसते, ठरलेली दहा-बारा म्हातारी माणसे येतात, प्रत्येकाने काय वाचले आहे ते मला पाठ आहे. इतक्यात एक आजोबा काठी टेकीत आले. त्याने काही न बोलता खणातून कागदात गुंडाळून ठेवलेले पुस्तक काढून पुढे सरकविले, आजोबांनी कागद किंचित बाजूला करून नाव वाचले, मान हलविली, आणि सही करून ते निघून गेले.